पोट उरतंय

बाईंच्या दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची होती, पण तिच्यावर थर्मास बसायचा. बाई कधीच बसायच्या नाहीत. सकाळी आठला चप्पल काढून आत शिरल्या की दुपारी दोनपर्यंत त्यांचं भिरभिरणं चालू. पेशंट तपासताना उभ्या, औषध लिहिताना उभ्या, चहा बशीत ओतून दारात उभ्या. मी बाहेर पडवीत टेबल टाकून केसपेपर लिहायचे. दर दहा मिनिटांनी बाई माझ्या टेबलाला घासून बाहेर येणार, रांगेतल्या बायकांमधून एक फेरी मारणार, एखाद्या पोराची शाल उचलून बघणार आणि परत आत. माझी रांग मोडायची, नंबर विसकटायचे. डोकं फिरायचं माझं.

"बाई, तुम्ही आत बसा ना जरा. मी पाठवते एकेकाला."

"बसल्यावर दिसत नाही," त्या म्हणायच्या.

काय दिसत नाही, ते मी कधी विचारलं नाही. बावीस वर्षांची होते, बारावी पास होते, आणि आमच्या गल्लीत बारावी झालेली मी एकटीच. मला सगळं कळतं असं माझं ठाम मत होतं.

नव्वदनंतरची वर्षं ती. कोपरखैरण्याला तेव्हा रस्त्याच्या एका अंगाला सेक्टरांतली छोटी छोटी नवी घरं, त्यांत आमच्यासारखी सातारकडची, कोकणातली, मुंबईत जागा न परवडलेली माणसं. दुसऱ्या अंगाला जुनं गाव, खाडीपर्यंत गेलेलं. मधल्या रस्त्याच्या कडेला एका ट्रस्टचा हा दवाखाना. माझे वडील वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायचे. त्यांनीच कुणाच्या तरी ओळखीनं मला इथं चिकटवलं होतं.

बाई मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात जन्म काढून रिटायर झालेल्या. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, का त्या ठेवत नसत, देव जाणे. मला त्या 'केसपेपर' म्हणायच्या. "ए केसपेपर, पुढचा पाठव." आमचे कंपाउंडरकाका, चिपळूणकडचे, साठीला आलेले, ते 'बाटली'. काकांना ते फार लागायचं. घरी मुलाबाळांत मान असलेला माणूस तो. पण बाईंपुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

आणि त्यांचं ते मोजणं. पोर पुढ्यात आलं की पहिल्यांदा स्टेथोस्कोप नाही, थर्मामीटर नाही. "कपडे वर करा." आई बिचारी टोपडं, स्वेटर, झबलं सोडवत बसायची. पोट उघडं पडलं की बाई डावा हात ट्रॅफिक पोलिसासारखा वर करायच्या. हात वर म्हणजे सगळा दवाखाना चिडीचूप. मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं पुरुषी घड्याळ, त्याच्यावर एक डोळा आणि पोराच्या पोटावर एक. पोट वर गेलं, खाली आलं, एक. असं पुरं मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं त्यांना चालायचं नाही. मधे कुणी खोकलं तरी त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

भिंतीवर त्यांनी लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: साठ, पन्नास, चाळीस. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याच्या वर श्वास घेत असेल, वर्षाच्या आतलं पन्नास, पाच वर्षांच्या आतलं चाळीस, तर समजायचं की छातीत भानगड आहे, न्यूमोनिया धरून चालायचं. एवढं सोपं. पण खाली स्पष्टीकरण काही नाही, नुसते आकडे. एका माथाडी गड्यानं मला हळूच विचारलं होतं, "ताई, ह्यो आजचा आकडा का कालचा?"

फक्त पोरांचंच मोजत असत्या तर ठीक होतं. औषध कंपनीचा टाय लावलेला माणूस आला, त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बावीस. सिगरेट सोडा." बाई राहायच्या त्या खोलीचा मालक भाडेवाढीचं सांगायला जिना चढून गेला, त्याचं मोजलं. कंपाउंडरकाकांच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "भटजी अठ्ठावीस. लवकर उरका म्हणावं." मी अक्षता तोंडात कोंबून हसू दाबलं. दोन महिन्यांनी भटजींना खरंच दम्यासाठी ॲडमिट केलं, तेव्हा काकांनी बाईंच्या वाटेला जायचं कायमचं सोडलं.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, मुंबईचं सोडून इथं का आलात?" त्यांनी माझ्या गळ्याखाली बघितलं, मिनिटभर. म्हणाल्या, "चोवीस. एवढी घाई कसली आहे तुला?" एवढंच उत्तर.

सुई द्या म्हणणाऱ्यांचं आणि त्यांचं रोज वाजायचं. लोकांना इंजेक्शनशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नसे. बाई म्हणायच्या, "हा व्हायरस आहे. व्हायरसला माझ्याकडे औषध नाही. पोराला आहे. दूध पाजत राहा, खिडकी उघडी ठेवा आणि पोटाकडे बघत राहा." जिथं लागायचं तिथं औषधही द्यायच्या, त्यात कंजुषी नाही, पण आधी मिनिट. व्हायरस हा शब्द तेव्हा लोकांना नवा. बाईंच्या तोंडात मात्र तो शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूसारखा यायचा. ह्या वर्षी वेगळा आलाय, असं त्या सहज म्हणायच्या. दवाखान्याच्या खिडक्यांची तावदानं तर त्यांनी बिजागऱ्यांसकट काढून कॉटखाली ठेवली होती. हिवाळ्यात आम्ही कुडकुडायचो.

त्या साली थंडी पडली तशी सेक्टरातली पोरं पटापट खोकायला लागली. पहिलं नाक गळायचं, दोन दिवसांनी छातीतून शिट्टी, तिसऱ्या दिवशी धाप. एका घरातून दुसऱ्या घरात. सगळ्यांचं एकच म्हणणं, कंपनीचा गॅस. पहाटे तुर्भ्याच्या केमिकल कंपन्यांकडून वास यायचा हे खरं, नाक चुरचुरायचं. लोकांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, फटीत चिंध्या कोंबल्या. आत स्टोव्ह, उदबत्ती, सहा माणसं आणि मधोमध तान्हं बाळ. बाई घरोघर जाऊन चिंध्या उपसायच्या. आमच्याच आईनं त्यांना ऐकवलं होतं, "डॉक्टरीणबाई, गॅस आत शिरला तर तुम्ही येणार का बघायला?" बाई म्हणाल्या, "आलेच आहे."

पण त्यांना एक गोष्ट खुपत होती. येता-जाता त्या माझ्या टेबलाशी थांबायच्या. "केसपेपर, खोकल्याची सगळी पोरं रस्त्याच्या ह्याच बाजूची. गावातलं एकही नाही. का?"

"गावाला खाडीचा वारा आहे बाई. गॅस तिकडं जातच नाही," मी म्हणायचे.

"गॅसला गल्ली कळते का? आणि व्हायरस काय रस्ता ओलांडत नाही?" असं म्हणून त्या फेऱ्या मारायला लागायच्या. आठवडाभर त्यांना चैन पडेना. चहा बशीत ओतून तसाच ठेवून जायच्या.

आता माझं काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी पेशंटला विचारायचे काय होतंय, ते केसपेपरवर लिहायचे आणि दोन गठ्ठे करायचे. खोकला, ताप, धाप हा गठ्ठा बाईंकडे. पोट, जुलाब, खरूज, असलं किरकोळ काकांकडे. काका केसपेपर वाचायचे, माणसाकडे बघायचे सुद्धा नाहीत, आणि गुलाबी औषध बाटलीत ओतून द्यायचे. गर्दीच्या दिवसांत त्याशिवाय इलाज नव्हता. गठ्ठे करायची कल्पना माझी होती, आणि तिचा मला अभिमान होता.

गावातल्या बायका त्या दिवसांत पोटाच्या गठ्ठ्यात येत होत्या. एक आली, दोन आल्या, मग रोजच. "बाय, पोराचा पोट उरतंय." त्यांची बोली मला अर्धी कळायची. पोट उरतंय म्हणजे खाल्लेलं पोटात उरतंय, जिरत नाही. मी झोकात लिहायचे, 'अपचन'. महिन्याच्या पत्रकात मी स्वतः टीप टाकली की गावात पोटाचे विकार वाढले आहेत, पाणी तपासावं. आणि गंमत म्हणजे माझ्या टिपेवर आरोग्य खात्याची दोन माणसं खरंच आली, गावच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकून गेली. पाण्याला वास मारायला लागला. माझे पाय जमिनीवर नव्हते. वडिलांना सांगितलं, आईला सांगितलं. बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "थंडीत एवढी पोटं कशी बिघडली?" मी म्हटलं, पाणी. त्यांनी मान हलवली, पटल्याची नव्हे.

मग तो सोमवार. रांग रस्त्यापर्यंत गेलेली. गावातली एक म्हातारी, नऊवारी खोचलेली, सहा महिन्यांचा नातू लुगड्यात गुंडाळून आली. "पोट उरतंय गो बाय. दूद पन पीत नाय." मी न बघता लिहिलं, 'अपचन', आणि म्हटलं, "तिकडं बसा आजी, काका बोलावतील." ती बसली. पाऊण तास बसली. मधे एकदा उठून आली, परत तेच म्हणाली. मी म्हटलं, "लिहिलंय हो आजी, लिहिलंय."

बाई नेहमीच्या फेरीला बाहेर आल्या. मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आता परत नंबर चुकणार. त्यांनी म्हातारीच्या मांडीवरचं लुगडं उचललं आणि डावा हात वर गेला.

मी त्यांचं मिनिट कधी अर्ध्यावर मोडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मोडलं. बाळाचं पोट नुसतं उडत होतं, बरगड्यांखाली खड्डा पडत होता, ओठ जांभळट. "बाटली, सिलिंडर," एवढं म्हणून बाईंनी पोर उचललं. समोर भाजीचा टेम्पो उभा होता, त्यात सिलिंडर चढवला, म्हातारीला चढवलं, बाई कोबीच्या पोत्यांना टेकून उभ्याच, पोराच्या तोंडावर मास्क धरून, आणि टेम्पो वाशीच्या हॉस्पिटलकडे गेला. मी पडवीत, हातात तो केसपेपर.

पोर वाचलं. हे आधी सांगून टाकते. चार दिवस ऑक्सिजनवर राहिलं आणि वाचलं.

बाई संध्याकाळी परत आल्या. मला वाटलं, आता घरी पाठवणार. त्यांनी विचारलं, "म्हातारी तुला काय म्हणाली होती? तिच्या शब्दांत सांग."

"पोट उरतंय म्हणाली. म्हणजे अन्न उरतंय."

बाई पुटपुटत खोलीभर फिरल्या. उरतंय, उरतंय. मग काकांकडे वळल्या. "बाटली, हे गावातले लोक घोड्याला काय म्हणतात?"

"घोरा," काका म्हणाले.

"आणि गाडीला?"

"गारी." आणि म्हणता म्हणता काकांचा चेहरा उतरला. मलाही तेव्हाच कळलं. उडतंय. पोट उडतंय. माझी आई गावाकडं धाप लागलेल्या पोराबद्दल ह्याच शब्दांत बोलायची. नुसत्या एका अक्षराचा फरक, आणि मी त्याचं अपचन करून ठेवलं होतं. गावातली पोरं खोकत नव्हती असं नव्हतंच. ती सगळी माझ्या दुसऱ्या गठ्ठ्यात बसली होती, गुलाबी औषध पीत.

मी रडायला लागले. बाई म्हणाल्या, "ते नंतर. अपचनाचे सगळे कागद काढ. दोन आठवड्यांचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात निघालो. दवाखाना काकांवर सोडला, आणि कागद न वाचता पोरांकडे बघायला बजावलं. बाई पुढे, मी मागे, हातात केसपेपर. दारात नाव विचारायचं, पोर बघायचं, मोजायचं. पहिल्या घरातलं पोर अंगणात रांगत होतं, छत्तीस. दुसरं बावन्न, त्याला लगेच दवाखान्यात पाठवलं. तिसऱ्या घरी दोघं भाऊ खोकत होते, पण चाळीसच्या आत. चौथ्या घरी बाईंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्या हातात दिलं. "तू मोज." बाळाचं पोट वर गेलं, खाली आलं. मी माझा श्वास धरून ठेवला होता, तेही नंतर कळलं. अडतीस.

एकेक घर मागे पडत होतं तसा मला धीर येत होता. ह्या व्हायरसची पोरं बहुतेक आपली आपणच बरी होतात, असं बाई चालता चालता म्हणाल्या. मी देवाला म्हणत होते, सगळी होऊ देत. शेवटचा एकच कागद उरला. पाच महिन्यांची मुलगी. माझ्याच वळणदार अक्षरात, 'अपचन, गुलाबी औषध'.

घर खाडीच्या टोकाला होतं. दारात जाळं वाळत घातलेलं. आत झोळी बांधलेली होती आणि झोळीत घड्या केलेली बाळाची झबली-दुपटी होती. आई माझ्याच वयाची. तिनं मला ओळखलं.

"परवा गेली," ती म्हणाली. "सांगितला होता ना मी तुमाला. पोट उरतंय."

ती चिडून नव्हती बोलत. चिडली असती तर बरं झालं असतं. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

आणि बाई बसल्या. शेणानं सारवलेल्या जमिनीवर, त्या आईच्या समोर, मांडी घालून. दोन वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "तुम्ही बरोबर सांगितलं होतं. चूक आमच्या दवाखान्याची. आम्हाला ऐकू आलं नाही."

आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला, बाईंच्या पुढ्यात ठेवला. पाण्याला त्या पावडरीचा वास येत होता. बाई ते सगळं प्यायल्या. मीही प्याले.

दवाखान्यात परत आल्यावर बाईंनी थर्मास खाली ठेवून खुर्ची माझ्या टेबलाशी आणली. मला वाटलं, बसणार. पण ती त्यांनी पेशंटसाठी ठेवली. म्हणाल्या, "ह्याच्यावर बसून आपल्या भाषेत बोलू दे. जे म्हणेल ते तसंच लिही, काना-मात्रा न बदलता. अर्थ मी लावीन. आणि गठ्ठा एकच."

तेव्हापासून माझे केसपेपर बघण्यासारखे झाले. छातीत मांजर बोलतं. गळ्यात गाठ हाय पन नाय. बच्चे की पसली चल रही है. कानात पाणी उभंय. सगळं जसंच्या तसं. काका कपाळाला हात लावायचे. बाई उभ्या उभ्या वाचायच्या आणि कधी कधी एका वाक्यावर थांबून परत बाहेर येऊन त्या माणसाला निरखायच्या. तो व्हायरस कुठला होता ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाईंनी बर्फात घालून नमुने शहरात पाठवले होते, त्यांचं उत्तर आलं तोवर उन्हाळा लागला होता, आणि उत्तरात काही सापडलं नाही असं होतं. फेब्रुवारीत पोरं खोकायची थांबली. गॅसचा वास तसाच होता.

त्या आईला पुढे मुलगा झाला. ती दवाखान्यात यायची, खुर्चीवर बसायची, माझ्याशी बोलायची. मी तिच्या डोळ्यांकडे कधी नीट बघू शकले नाही. अजून नाही.

वर्षभरानं मला सरकारी आरोग्य खात्यात नोकरीचा कॉल आला. अनुभवाचा दाखला लागणार होता. बाईंकडे मागितला. त्या म्हणाल्या, उद्या. दुसऱ्या दिवशी बंद पाकीट दिलं. माझ्या गळ्याखाली बघितलं आणि म्हणाल्या, "अठरा. आता ठीक आहे. जा."

पाकीट मी मुलाखतीच्या टेबलावर पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं, तेही समोरच्या साहेबांनी. आत ट्रस्टच्या लेटरहेडवर एकच ओळ होती, खाली सही आणि शिक्का. साहेबांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि मोठ्यानं वाचली.

"प्रमाणित करण्यात येते की, हिला ऐकू येते."

बाजूचे दोघं हसले. साहेब म्हणाले, "हे काय? अनुभवाचा दाखला मागितला होता. कानांची तपासणी झालीय का तुमची?"

"हो साहेब," मी म्हटलं. "पहिल्या वेळी नापास झाले होते."